जागा शहराची, जत्रा संस्थेची: डॅलसमधील शस्त्रबंदीच्या वादाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील डॅलस शहरात फेअर पार्क नावाचे २७७ एकरांचे आवार आहे. टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त १९३६ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारती तिथे अजूनही उभ्या आहेत, आणि दर वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस त्याच आवारात ‘स्टेट फेअर ऑफ टेक्सास’ ही २४ दिवसांची जत्रा भरते. १८८६ पासून चालत आलेल्या या जत्रेत गुराढोरांची प्रदर्शने असतात, मोठे पाळणे असतात, काडीला लावून तळलेले कॉर्न डॉग असतात, आणि आत शिरल्यावर लोकांचे स्वागत करणारा ‘बिग टेक्स’ हा ५५ फुटी पुतळा असतो. एका हंगामात साधारणपणे वीस लाखांहून अधिक माणसे येऊन जातात. प्लेनो, फ्रिस्को, अर्विंग या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही मुलाबाळांना घेऊन तिथे जातात.

या प्रकरणाचे मूळ जागेच्या मालकीत आहे. आवार डॅलस शहराच्या मालकीचे आहे. जत्रा मात्र शहर भरवत नाही. ती एक खासगी, ना-नफा संस्था भरवते आणि त्यासाठी शहराकडून आवार भाड्याने घेते. अनेक दशके या व्यवस्थेकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र, जत्रेत शस्त्रबंदी घालण्याचा अधिकार कोणाला, हा सगळा वाद या भाडेकरारावरच येऊन ठेपला.

१४ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी संध्याकाळी, जत्रा ऐन गर्दीत असताना, खाद्यपदार्थांच्या दालनात गोळीबार झाला. तीन जण जखमी झाले; सुदैवाने कोणाचाही जीव गेला नाही. पोलिसांनी संशयिताला लवकरच पकडले आणि आवार रिकामे करण्यात आले. (गोळी झाडणारा, जखमी आणि पुढे दावा लावणारे खासगी नागरिक यांची नावे या लेखात मुद्दाम दिलेली नाहीत. संस्था आणि सार्वजनिक पदांवरील व्यक्तींचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला आहे.)

टेक्सासचा कायदा आणि त्यामागची भावना

टेक्सासमध्ये शस्त्राचा प्रश्न एका जुन्या जखमेशी जोडलेला आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पिस्तुलाचा परवाना असणाऱ्यांची बाजू नीट कळत नाही. १९९१ साली किलीन गावातील एका उपाहारगृहात झालेल्या हत्याकांडात २३ जणांचा बळी गेला. त्या वेळी तिथे असलेल्या सुझाना हप यांचे आई-वडील त्यांच्या डोळ्यांदेखत मारले गेले. हप यांच्याकडे पिस्तूल होते, परंतु ते जवळ बाळगणे तेव्हा कायद्यात बसत नसल्यामुळे त्यांनी ते गाडीत ठेवले होते. पुढे त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेल्या. १९९५ साली परवान्याने, झाकून पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळाली, २०१६ पासून परवानाधारकांना ते उघड बाळगता येऊ लागले, आणि २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याशिवायही बाळगता येऊ लागले.

याच ओघात २०१५ साली एक तरतूद आली, आणि आपल्या प्रकरणाचा कणा तीच आहे. या तरतुदीनुसार कोणतीही शासकीय यंत्रणा, मग ती राज्याची असो वा शहराची, आपल्या मालकीच्या किंवा भाड्याने घेतलेल्या जागेत परवानाधारकाला पिस्तुलासह येण्यास मज्जाव करू शकत नाही, तसा फलक लावू शकत नाही आणि मज्जाव असल्याचे सूचितही करू शकत नाही. अपवाद फक्त कायद्यानेच वगळलेल्या जागांचा: शाळा, न्यायालये, खेळांचे सामने वगैरे. उल्लंघनाबद्दल पहिल्या वेळी १,००० ते १,५०० डॉलर आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १०,००० ते १०,५०० डॉलर दंड आहे, आणि चालू राहिलेला प्रत्येक दिवस वेगळे उल्लंघन धरला जातो.

मराठी वाचकाला हे उलटे वाटेल. आपल्याकडे मोठा मेळावा, मिरवणूक किंवा निवडणूक आली की पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात आणि शस्त्र बाळगण्यावर बंदी येते. बंदी घालणे हे शासनाचेच काम, असे आपण गृहीत धरतो. टेक्सासमध्ये खासगी मालक आपल्या दुकानात, सभागृहात, मंदिरात शस्त्राला मनाई करू शकतो. शासनाला मात्र स्वतःच्या जागेवर तसे करता येत नाही. त्यामुळे एखाद्या फाटकावरचा फलक कायदेशीर आहे की नाही, हे त्यावर काय लिहिले आहे यावरून ठरत नाही, तर तो कोणी लावला यावरून ठरते.

फलकाचेही शास्त्र आहे. परवानाधारकाला अडवायचे असेल तर मजकूर कायद्यात दिला आहे तोच हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात हवा आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत. झाकलेल्या पिस्तुलासाठी एक फलक आणि उघड्या पिस्तुलासाठी दुसरा.

नेमका पेच

२०२३ पर्यंत जत्रेचा नियम मधला होता: परवानाधारकाने पिस्तूल झाकून आणावे, इतरांनी आणू नये. गोळीबारानंतर संस्थेपुढे प्रश्न उभा राहिला, की गर्दीच्या दालनात गोळ्या सुटल्यानंतर हा मधला नियम टिकवायचा का?

दोन्ही बाजूंना खरी काळजी होती. परवानाधारकांचे म्हणणे असे, की कायदा पाळणाऱ्याला फाटकावर निःशस्त्र केले तर कायदा न पाळणाऱ्याचेच फावते, आणि रात्री उशिरा दूरवर लावलेल्या गाडीपर्यंत चालत जाताना त्याला संरक्षण उरत नाही. गर्दीच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्यांचे म्हणणे वेगळे, आणि डॅलसला ते अनुभवाने पटलेले आहे. ७ जुलै २०१६ रोजी शहराच्या मध्यभागी निघालेल्या निदर्शनात एका हल्लेखोराने पाच पोलिसांना ठार केले. त्या मोर्चात काही जण खांद्याला रायफली लटकवून, पूर्णपणे कायदेशीर रीतीने, चालत होते. गोळीबार सुरू होताच ते पळू लागले आणि पोलिसांना हल्लेखोर कोण व नागरिक कोण हे ओळखणे कठीण झाले. त्यांच्यापैकी एका निरपराध माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून प्रसिद्धही झाले. तत्कालीन पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी ही अडचण नंतर उघडपणे मांडली.

मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते, हे वाचकापासून लपवण्याचे कारण नाही. परंतु जत्रेपुढचा पेच पटण्या-न पटण्याने सुटणारा नव्हता. तिला बंदी योग्य वाटली तरी ती घालण्याचा अधिकार तिला आहे का, हे वेगळेच होते.

विचारात घेण्यासारखे पर्याय

आहे तो नियम ठेवून तपासणी वाढवणे हा पहिला पर्याय होता. त्यात कायद्याची जोखीम नव्हती, पण तपासणीच्या रांगेत परवाना दाखवणारा प्रत्येक जण शस्त्रासह आत जाणारच होता.

दुसरा पर्याय असा, की आवाराच्या ज्या भागांत कायद्यानेच मनाई आहे तेवढ्यापुरतीच बंदी अमलात आणायची. कॉटन बोल मैदानावर विद्यापीठांचा सामना चालू असताना तिथे पिस्तूल नेणे हा राज्याच्या कायद्यानेच गुन्हा आहे. पण मैदानाच्या दारातून चार पावले बाहेर आले की मनाई संपते. एकाच आवारात, एकाच तिकिटावर फिरणाऱ्या माणसाने हे कसे पाळायचे? करमणूक उद्यानांसाठीही कायद्यात अपवाद आहे, मात्र त्याच्या व्याख्येत वर्षातून १२० दिवसांहून अधिक काळ चालू असण्याची अट आहे. २४ दिवसांची जत्रा या अटीत बसणे अवघड.

तिसरा पर्याय संपूर्ण बंदीचा होता आणि त्याला एक आधारही होता. २०१६ साली खुद्द टेक्सासच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने लेखी अभिप्राय दिला होता, की खासगी ना-नफा संस्थेने शासनाकडून भाड्याने घेतलेल्या जागेवर बंदीचा फलक लावला आणि त्या निर्णयावर शासनाचे नियंत्रण नसले, तर २०१५ च्या तरतुदीचा भंग होत नाही. संस्थेच्या वकिलांना याहून स्वच्छ आधार शोधूनही सापडला नसता.

असे आधार किती टिकतात याचा विचार करताना शेजारच्या नव्हे, पण सारख्याच अडचणीतल्या जॉर्जिया राज्याचे उदाहरण उपयोगी पडते. अटलांटाच्या वनस्पती उद्यानाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असे सूत्र मांडले, की शहराची जागा भाड्याने घेणाऱ्याला बंदी घालता येते की नाही हे भाडेकराराच्या स्वरूपावर ठरते. दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जमिनीत खरा हितसंबंध मिळाला असेल तर ती जागा खासगीसारखी. नुसता वापराचा हक्क मिळाला असेल तर नाही. तिथे पाच वर्षांपेक्षा कमी मुदतीचा करार साधारणपणे वापरहक्कच समजला जातो. म्हणजे काही दिवसांसाठी उद्यान घेणाऱ्या संगीत महोत्सवाला बंदीचा अधिकारच उरत नाही. २०२२ साली पीडमाँट पार्कमधला ‘म्युझिक मिडटाउन’ महोत्सव काही आठवडे आधी रद्द झाला. आयोजकांनी कारण उघड सांगितले नाही, परंतु वृत्तपत्रांनी शस्त्रांविषयीच्या याच कायदेशीर स्थितीकडे बोट दाखवले. जत्रा रद्द करणे हा डॅलसमध्ये कोणाच्याही मनातला पर्याय नव्हता, पण करार चुकीच्या प्रकारचा असला की गोष्ट कुठवर जाऊ शकते हे यातून दिसते.

काय केले गेले

ऑगस्ट २०२४ च्या पूर्वार्धात संस्थेने तिसरा पर्याय निवडला. सेवेतील आणि निवृत्त पोलीस अधिकारी वगळता कोणालाही बंदूक किंवा पिस्तूल आणता येणार नाही, परवाना असला तरी नाही, असे जाहीर झाले. प्रतिक्रिया लगेच उमटल्या. राज्याच्या विधिमंडळातील ७० च्या आसपास रिपब्लिकन सदस्यांनी निर्णय मागे घेण्याची मागणी केली. ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी शहराला पत्र पाठवून १५ दिवसांत उल्लंघन थांबवण्यास सांगितले.

पत्र शहराला गेले, जत्रेला नाही, याकडे लक्ष द्यावे. २०१५ ची तरतूद शासकीय यंत्रणेलाच लागू होते, त्यामुळे राज्याला बंदीमागे शहर आहे असेच म्हणावे लागत होते. शहराने उत्तर दिले की हा निर्णय संस्थेचा आहे आणि त्यात शहराचा हात नाही.

२९ ऑगस्ट रोजी राज्याने दावा दाखल केला. प्रतिवादी म्हणून शहर, शहराच्या हंगामी व्यवस्थापक आणि जत्रा भरवणारी संस्था यांना जोडले. नंतर काही परवानाधारक नागरिकही राज्याच्या बाजूने सामील झाले. याच सुमारास ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने २०१६ चा आपलाच अभिप्राय मागे घेतला.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत वजनदार आणि सर्वांत खटकणारी कृती हीच आहे. ॲटर्नी जनरलचा अभिप्राय न्यायालयाला बांधील नसतो, हे खरे. तरीही शहरांच्या जागांवर प्राणिसंग्रहालये, संग्रहालये, नाट्यगृहे चालवणाऱ्या संस्था आठ वर्षे अशाच मतांवर विसंबून आपले नियम ठरवत असतात. वाद कोर्टात उभा राहत असताना पायाखालची फळी काढून घेतली, की त्या संस्थांना उद्या काय करायचे ते कळेनासे होते.

न्यायालयात

राज्याने तात्पुरत्या मनाईहुकमाची मागणी केली होती: अंतिम निकाल लागेपर्यंत जत्रेला बंदी अमलात आणू देऊ नये. १९ सप्टेंबर रोजी डॅलस जिल्हा न्यायालयात सुनावणी झाली. जत्रा सुरू व्हायला आठ दिवस उरले होते. राज्याचा युक्तिवाद थोडक्यात असा, की जमीन शहराची, जत्रा शहराशी घट्ट बांधलेली, मग बंदी शहराचीच म्हणायला हवी. संस्थेचा युक्तिवाद असा, की भाडेकरूला आपल्या कार्यक्रमात कोणाला घ्यायचे हे ठरवता येते आणि शहराने यात काही सांगितले नाही, सुचवले नाही, मंजूरही केले नाही. न्यायाधीशांनी त्याच दिवशी मनाईहुकूम नाकारला.

राज्य नव्याने स्थापन झालेल्या पंधराव्या अपील न्यायालयात गेले. शासन पक्षकार असलेल्या प्रकरणांसाठीचे हे न्यायालय त्याच महिन्यात, १ सप्टेंबर रोजी, सुरू झाले होते आणि तिथले न्यायाधीश राज्यपालांनी नेमलेले होते. तिथेही तातडीची मागणी फेटाळली गेली. अखेर २६ सप्टेंबर रोजी, जत्रेच्या आदल्या दिवशी, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. या न्यायालयाचे नऊही न्यायमूर्ती रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीवर निवडून येणारे, त्यामुळे शस्त्रहक्काविषयी त्यांना आकस होता असे कोणी म्हणू शकत नाही.

न्यायमूर्ती जिमी ब्लॅकलॉक यांनी नकाराशी सहमत होताना स्वतंत्र टिपण लिहिले, आणि संपूर्ण प्रकरणाची गाठ त्यात सुटलेली दिसते. त्यांचा मुद्दा असा होता: जत्रा ही खासगी संस्था आहे, पिस्तूल बाळगणाऱ्याला बाहेर ठेवण्याचा कायदेशीर अधिकार तिला आहे की नाही, यावर राज्याने भूमिकाच घेतलेली नाही. मागणी करणारा पक्षच जर लोकांना तिथे पिस्तूल नेण्याचा कायदेशीर हक्क आहे असे म्हणत नसेल, तर न्यायालयाने जत्रेला त्यांना आत घेण्याचा हुकूम कसा द्यावा?

हे वाचताना थबकायला होते. सहा आठवडे सगळे राज्य ज्या प्रश्नावर भांडत होते, तो प्रश्न वादपत्रात सरळ मांडलाच गेला नव्हता. राज्याने सगळा भर शहराने कायदा मोडला यावर दिला होता. समजा तो भंग सिद्ध झाला असता, तरी त्यातून शहराला दंड झाला असता. जत्रेच्या फाटकावरची मनाई उठली असतीच असे नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीपर्यंत, किंवा सार्वजनिक जागी शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरील २०२२ च्या संघीय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, हे प्रकरण या टप्प्यावर पोहोचलेच नाही.

निष्पत्ती

२७ सप्टेंबर २०२४ रोजी जत्रा बंदीसह सुरू झाली आणि २० ऑक्टोबरपर्यंत तशीच चालली. न्यायालयांनी नाकारला तो फक्त तात्पुरता मनाईहुकूम. बंदी कायदेशीर आहे असा निर्णय त्या सप्टेंबरात कोणत्याही न्यायालयाने दिला नाही, बेकायदा आहे असाही दिला नाही. ‘जत्रा जिंकली’ असे जे मथळे आले ते त्या मर्यादेतच खरे होते.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा वेळेचा. गोळीबार ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि बंदी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाली. मधल्या दहा महिन्यांत संस्थेने सुरक्षेचा आढावा घेतला असणार आणि घाईने निर्णय न घेणे योग्यच होते. परंतु तीच घोषणा वसंत ऋतूत झाली असती तर भाडेकरार, शहराचा सहभाग, पोलिसांची भूमिका यांवर साक्षी-पुराव्यांसह सुनावणी होऊ शकली असती. दारात जत्रा उभी असताना कोणतेही न्यायालय आहे ती स्थिती बदलायला नाखूश असते. त्याचा फायदा या खेपेस जत्रेला झाला, पण प्रश्न लोंबकळत राहिला.

दुसरा टप्पा शहराचा. शहराने निर्णयापासून हात झटकून दूर राहणे हे कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, कारण एक मंजुरीचे पत्रसुद्धा राज्याच्या हातात कोलीत ठरले असते. कच्ची बाजू राहिली ती पोलिसांची. फाटकावर पिस्तूल घेऊन अडून बसलेल्या माणसाला शेवटी बाहेर काढणार कोण? संस्थेचा रक्षक की डॅलस शहराचा पोलीस? आणि पोलिसाने काढले तर ती शहराची कृती ठरते की मालकाच्या तक्रारीवरून बेकायदा प्रवेशाबद्दल केलेली नेहमीची कारवाई? माझ्या मते ती दुसऱ्या प्रकारची आहे; दुकानदार बोलावतो तेव्हाही पोलीस येतातच. पण हे आधीच लेखी ठरवून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी, जाहीर करायला हवे होते.

तिसरा टप्पा राज्याचा. राज्याला २०१६ चे मत चुकीचे वाटत होते तर प्रथम नवा अभिप्राय देऊन संस्थांना पुरेशी मुदत द्यायला हवी होती, आणि दावा लावायचाच तर संस्थेच्या अधिकाराला सरळ आव्हान द्यायला हवे होते. दोन्ही न केल्यामुळे राज्याने तीन न्यायालयांत नकार ऐकला आणि ज्या परवानाधारकांसाठी हे सगळे चालले होते त्यांच्या हाती काहीच आले नाही.

चौथा टप्पा करारनाम्याचा, आणि शहरांच्या जागेवर कार्यक्रम भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या वकिलाला विचारावा असा. प्रवेशाचे नियम कोण ठरवणार, शहराला त्यात मत असणार की नाही, भाड्याच्या मुदतीत आवाराचा ताबा पूर्णपणे कोणाकडे राहणार, हे कलमांत उघड लिहिलेले असेल तर पुढच्या न्यायाधीशाला कोणाच्या हेतूविषयी अंदाज बांधावा लागत नाही.

एक छोटी गोष्ट वादाच्या धुरळ्यात मागे पडली. फेअर पार्कच्या दाराशीच डॅलसच्या लोकल रेल्वेच्या ग्रीन लाइनचे स्थानक आहे. गाडीने आलेला परवानाधारक पिस्तूल गाडीत कुलूपबंद ठेवून आत जाऊ शकतो. रेल्वेने आलेल्याने ते कुठे ठेवायचे? फाटकापाशी पावती देऊन शस्त्र ठेवून घेणारी खिडकी, पोलिसांच्या देखरेखीखाली, उघडता आली असती तर त्या माणसाला घरी परत जावे लागले नसते, आणि बंदीला विरोध करणाऱ्यांपैकी काही जणांशी तरी संस्थेला रांगेत उभ्या-उभ्या बोलता आले असते.